पाणी बंद तपासणी

सकाळी आठला मी मायाप्पा हाक्केच्या खाटेखालची कळशी उचलली,
टेबलावरचा तांब्या, बायकोच्या पिशवीतली बाटली,
बेसिनचा नळसुद्धा चिंधीने बांधून टाकला.
मिरजेत एकोणीस वर्षं नोकरी झाली,
पण माणसाला तहानलेलं ठेवायची ड्यूटी
हात अजून शिकले नाहीत.

वजन अठ्ठावन्न किलो चारशे.
लघवी पाण्यासारखी. सारखी कसली, पाणीच.

चार महिन्यांपूर्वी तो बाभळीवरून पडला,
शेळ्यांना पाला तोडताना.
टाके सुकले, वरून केसही उगवले.
मग तहान लागली.
दिवसाला पंधरा लिटर,
तेही जतकडच्या त्या वाडीवर, जिथे टँकर दिवसाआड येतो
आणि कळशा मोजून भरतात.
शेजारी म्हणाले, लागीर झालंय.
भाऊ म्हणाला, साखर असंल. साखर नव्हती.
एका रात्री मेंढरांच्या डोणीत तोंड घालून प्यायला.
हे त्याने नाही,
लगमव्वाने सांगितलं, जिन्यात, पदर तोंडाला लावून.

नऊ वाजता अठ्ठावन्न.
दहाला सत्तावन्न सहाशे.
"बाई, नुसतं तोंड तरी वलं करू द्या की."
मी ओल्या कापसाने ओठ पुसले.
नियमात बसतं की नाही, कुणाला विचारलं नाही.

डॉक्टर तिला समजावत होते, केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून:
मेंदूच्या तळाला, डोळ्यांच्या मागे,
काही पेशी रक्ताची चव घेत बसलेल्या असतात.
आमटी ढवळताना आपण तळहातावर थेंब घेऊन चाटतो, तशा.
झोपेतसुद्धा.
मीठ कणभर चढलं
की नऊ मण्यांचा एक निरोप ओवतात,
बारीक देठातून खालच्या गाठीत सोडतात,
तिथून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडाला:
दार लाव. पाणी जाऊ देऊ नको.

"मंजे पाटकरी," लगमव्वा म्हणाली.
डॉक्टरांना पाटकरी माहीत नव्हता. पुण्याचे.
मी सांगितलं, पाटाची दारं उघडतो, झाकतो,
कुणाच्या रानात किती पाणी, त्याच्या हातात असतं.
"मग ह्यांचा पाटकरीच बाभळीवरनं पडला."
ती हसली नाही.
डॉक्टर म्हणाले, पाटकरी आहे जागेवर.
चव घेणारेही आहेत, ओरडतायत जिवाच्या आकांताने: पी, पी, पी.
मधला देठ तुटलाय.
निरोप पोचत नाही.

अकराला सत्तावन्न शंभर.
जीभ टाळूला चिकटून शब्द अर्धे येतात.
खिडकीबाहेर कुणी उसाचा रस गाळतंय, घुंगरं वाजतायत,
मी खिडकी लावली.
तो माझ्याकडे असा बघत होता
की जणू कृष्णेचं सगळं पाणी मीच पदराखाली लपवलंय.

बारा वाजून दहा. छप्पन्न सहाशे. थांबवा, डॉक्टर म्हणाले.
आणि नाकात औषध सोडलं.
किती? टाचणीच्या डोक्यावर मावेल एवढं.
कारखान्यात ओवलेले तेच मणी, एखाददुसरा बदलून.

पावणेदोनला भांड्यात थोडीशी.
पिवळी.
सांगलीच्या पेठेत हळदीचा नमुना उजेडाला धरतात
तसं भांडं मी खिडकीशी धरलं.
एकोणीस वर्षांत लघवी बघून डोळे भरल्याचं आठवत नाही,
आणि भरले असतील तर ते मीठ कुठल्या पेशीच्या हिशोबातलं, माहीत नाही.

चिंधी सोडली, ग्लास दिला.
एक घटाघटा. दुसराही.
तिसरा अर्ध्यावर त्याने खाली ठेवला
आणि त्या उरलेल्या पाण्याकडे बघत राहिला,
जसं अंगणात कुणी अनोळखी येऊन बसलंय.
"बास," म्हणाला. मग पुन्हा, स्वतःलाच, "बास झालं."

त्या रात्री माझी डबल ड्यूटी.
दोनच्या सुमाराला लगमव्वा उठली, चार महिन्यांच्या सवयीने,
तांब्या भरून खाटेपाशी उभी राहिली.
तो झोपलेला. तोंड उघडं, ओठ ओले.
तिने हाक मारली नाही.
बराच वेळ तशीच उभी.
मग ते पाणी तीच प्यायली,
सगळं, एका दमात.